इल्वाच्या कबरीवरची बाई

रोम, ९ सप्टेंबर १९६२

प्रिय आर्जिया मावशी,

तू पाठवलेला चेस्टनटच्या पिठाचा केक मिळाला. वाटेत त्याचा पार भुगा झाला होता, पण मी तो चमच्यानं खाल्ला. घरची चव भुग्यातही असते.

माझी नेमणूक अजून कच्चीच आहे. संग्रहालयाच्या तळघरात ज्या जुन्या शिळा पडून आहेत, त्या पुसायच्या, मोजायच्या आणि त्यांवर काय कोरलंय ते लिहून काढायचं. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं. मला वाटत नाही. आणि गेल्या आठवड्यात जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

एक शिळा पुसत होते. मातीचा थर निघाला तशी तिच्यावर एक बाई दिसायला लागली. मान मागे टाकलेली, केस सुटलेले, वस्त्र वाऱ्यावर गेलेलं, डावा हात मागे उचललेला. मी फडकं हातात धरून तशीच उभी राहिले. ही बाई मी ओळखत होते. माझ्या टेबलावर तुझा ईस्टरचा फोटो आहे ना, तू आईच्या कबरीपाशी उभी आहेस तो. मी धावत वर जाऊन तो घेऊन आले. मावशी, आईच्या कबरीवरची मूर्ती आणि ही दोन हजार वर्षांपूर्वीची बाई, दोघी सख्ख्या बहिणी वाटाव्यात इतक्या सारख्या आहेत.

आपण तिला माग्दालेना म्हणतो, येशूच्या क्रुसाखाली केस सोडून रडणारी. पण ही रडणारी नव्हे. ही बाक्कान्ते आहे. बाक्को म्हणजे जुन्या रोमन लोकांचा द्राक्षांचा देव. त्याच्या भक्तिणी घरदार टाकून डोंगरात जायच्या आणि देव अंगात आल्यासारख्या नाचायच्या. अंगावर बिबट्याचं कातडं, हातात कधी करडाचा फाडलेला पाय. आपल्या मूर्तीच्या कमरेला जे लोंबतं, त्याला तू कोकरू म्हणतेस. लहानपणी मी त्याच्यापुढं गवत ठेवायचे. पण मावशी, नीट बघ. कोकराला खूर असतात. याला नखं आहेत.

बाबांचा संगमरवरी मूर्तींचा कारखाना बंद करताना मालकानं ही मूर्ती त्यांना दिली, एवढंच आपल्याला ठाऊक. कुणा परदेशी गिऱ्हाइकाच्या बागेसाठी घडवलेली असणार. मी यावर एक लेख लिहून आपल्या कारारातल्या त्रैमासिकाला पाठवला आहे, फोटोसकट. बाबांना आत्ता सांगू नकोस. छापून आला की त्यांच्या हातात ठेव. जन्मभर ज्यांनी दगडात पानं आणि केस कोरले, त्यांच्या कामाबद्दल त्यांच्या मुलीनं लिहिलेलं छापून येतंय, याचा त्यांना आनंद होईल.

तुझी,
फिओरेन्झा


२० सप्टेंबर

फिओरेन्झा पोरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं माझा चष्मा बदलायला झालाय. दुसऱ्यांदा वाटलं तुला ताप आलाय. तिसऱ्यांदा शेजारच्या झेलिंदाकडून वाचून घेतलं, ती म्हणाली, "नाही गं, लिहिलंय तसंच आहे."

ही बाक्कान्ते म्हणजे नक्की कोण? झेलिंदा म्हणते, तिच्या नवऱ्याच्या गुत्त्यात भिंतीवर एक चित्र होतं, त्याखाली हेच नाव होतं, आणि त्या बाईच्या अंगावर कपडे कमी आणि द्राक्षं जास्त होती. तसली बाई माझ्या बहिणीच्या डोक्यावर उभी आहे का? मला सरळ सांग. शिकलेल्या माणसांसारखं गोल गोल लिहू नकोस.

मी त्या मूर्तीच्या हातात जपमाळ अडकवते ते तू पाहिलं आहेस. मूठ अर्धी उघडी आहे, माळ त्यात बरोबर राहते, वाऱ्यानं पडत नाही. मला वाटायचं देवानंच ती सोय केली. झेलिंदाचा मुलगा खाणीत दगडाखाली गेला, त्यानंतर तीही तिथे मेणबत्ती लावते. आता तर वरच्या आळीतल्या बायकाही येतात. सगळ्या म्हणतात, बाकी मूर्त्या नुसत्या मान खाली घालून बसलेल्या, ही एकटी खरी रडते. आणि तू म्हणतेस ही नाचते.

कोकराचं म्हणशील तर मी जाऊन पाहिलं. नखं आहेत.  एवढ्या वर्षांत मला कशी दिसली नाहीत? बघताना माणूस बघतो काय आणि त्याला दिसतं काय.

तुझ्या बाबांना मी सहज विचारलं, "सेत्तिमिओ, त्या कोकराला नखं का रे?" तर म्हणतो, "आर्जिया, भांडवलदारांच्या राज्यात कोकरांनाही नखं वाढवावी लागतात." त्याच्याशी बोलणं म्हणजे खाणीत हाक मारणं, आपलाच आवाज परत येतो.

तो लेख थांबवता आला तर थांबव. खरं असेल तरी थांबव.

तुझी मावशी,
आर्जिया


रोम, २६ सप्टेंबर

प्रिय मावशी,

लेख छापला गेला आहे. अंक तुला टपालानं आला असेल किंवा उद्या-परवा येईल.

झेलिंदाच्या गुत्त्यातलं चित्र मनातून काढून टाक. बाक्कान्ते म्हणजे दारुडी बाई नव्हे. तिला नशा असेल तर ती देवाची. आपल्याकडे मिरवणुकीत एखादी म्हातारी एकदम गुडघ्यांवर पडते आणि हात वर करून काहीतरी बोलायला लागते, तेव्हा आपण तिला हसतो का? तेच आहे हे, देव फक्त दुसरा.

आणि तुझ्या प्रश्नानं मला फार विचारात टाकलंय. तू म्हणतेस ती खरी रडते. मी फोटो पुन्हा पाहिला. तळघरातल्या शिळेवरच्या बाईचा चेहरा झिजलेला आहे, त्यामुळे ती काय करते हे मी तिच्या केसांवरून आणि मानेवरून ठरवलं. मग आपल्या मूर्तीचंही तसंच ठरवलं. खरं तर नाचणारीची मान आणि रडणारीची मान दगडात एकच असते. हे मी लेखात लिहिलेलं नाही. आता वाटतं, लिहायला हवं होतं.

पण तरी, जे आहे ते आहे असं सांगण्यासाठीच ना मी शिकले? तू आणि बाबांनी मला पिसाच्या विद्यापीठात धाडलंत ते "दिसतं ते बोलू नकोस" हे शिकायला नव्हे. बायका मेणबत्त्या लावतात त्या लावू देत. कुणासमोर लावतो हे कळल्यानं मेणबत्ती विझत नाही.

बाबा काय म्हणाले ते लगेच कळव.

तुझी,
फिओरेन्झा


१४ ऑक्टोबर

पोरी,

मेणबत्ती विझते. तुला ते माहीत नव्हतं, आता कळव तुझ्या प्राध्यापकांना.

अंक आला. त्यातलं एक पान फादर एजिदिओंच्या हातात पडलं. त्यांनी रविवारी प्रवचनात तुझं नाव घेतलं नाही, पण "आपल्या गावातल्या एका हुशार कन्येनं आपले डोळे उघडले" असं म्हणाले, आणि सगळं चर्च माझ्याकडे वळून बघायला लागलं, जणू मीच डोळे झाकून ठेवले होते. दफनभूमीची समिती बसली. त्यांचं म्हणणं, पवित्र जागेत मूर्तिपूजकांची नाचरी बाई नको, बायका तिच्यापुढं प्रार्थना करतात हे तर फारच वाईट. दोन नोव्हेंबरच्या, मृतांच्या दिवसाआधी ती काढायची आणि साधा क्रूस बसवायचा. फादर माणूस वाईट नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आर्जिया, त्या मुलीनं एक पत्र लिहावं, की माझी चूक झाली, ती माग्दालेनाच आहे. ती शिकलेली आहे, तिच्या शब्दावर मूर्ती चालली, तिच्याच शब्दावर राहील."

झेलिंदा मेणबत्ती लावत नाही. जपमाळ मीच काढून आणली. 

आता तुझ्या बाबांचं. त्याला अंक मिळाला तेव्हा मी तिथेच होते, शेंगा सोलत. आधी खुशीत होता. मोठ्यानं वाचत होता, "ऐक आर्जिया, माझ्या पोरीनं लिहिलंय, केसांची घडण अप्रतिम, एकेक बट मोकळी, अशी कोरणी कारारातही विरळा." मान ताठ करून म्हणाला, "हे मी केलंय बरं का." मग पान उलटलं आणि आवाज बंद झाला. शेवटचं मनातल्या मनात वाचलं. चष्मा काढला, घडी केली, टोपी घातली आणि गेला. शेंगाभाताला हात लावला नाही. त्या दिवसापासून "हो", "नाही" आणि "दार लाव" याच्यापलीकडं बोललेला नाही.

मी काही वेडी नाही. पकडला गेलेला माणूस असाच गप्प होतो. कारखान्यात मापासाठी बायका उभ्या करायचे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. ती मूर्ती कुणावरून केली, फिओरेन्झा? कोण होती ती? माझ्या बहिणीच्या उशाशी त्यानं कुणाला आणून उभं केलंय? मी विचारलं तर म्हणतो, "दार लाव."

तू पत्र लिही फादरना. मूर्ती राहू दे किंवा जाऊ दे, मला आता तेही कळत नाही. पण इल्वाच्या कबरीवर पहार चाललेली मला बघवणार नाही.

मावशी


रोम, १८ ऑक्टोबर

प्रिय बाबा,

मावशीचं पत्र आलं. तुम्ही माझ्याशी बोलत नाही असं नाही, तुम्ही कुणाशीच बोलत नाही, असं ती म्हणते. म्हणून मला कळत नाही की रागावलात कुणावर.

मी लेख पुन्हा पुन्हा वाचून पाहिला, त्यात तुम्हाला काय लागलं असेल ते शोधायला. कबरीवर विकली न गेलेली मूर्ती आहे, हे जगजाहीर केलं, ते? मला त्यात कमीपणा वाटला नव्हता. आपल्या गावात अर्ध्या घरांच्या पायऱ्या विकल्या न गेलेल्या दगडाच्या आहेत. पण खरं सांगायचं तर एक प्रश्न मलाही सलतो. आई दर रविवारी चर्चला जायची, तुम्ही बाहेर झाडाखाली वर्तमानपत्र वाचत थांबायचात. तुम्हाला ठाऊक होतं ही बाक्कान्ते आहे. तिचे केस तुम्ही स्वतः कोरलेत. मग तीच का ठेवलीत? आईसाठी दुसरं काही मिळालं नाही म्हणून? की फादरवर हसण्यासाठी? मावशीला तर आणखी वाईट शंका आहे, ती मी लिहीत नाही.

ते माझ्याकडून पत्र मागतात. त्यात लिहायचं की ही माग्दालेना आहे. मी अजून कधी जाणूनबुजून खोटी ओळ लिहिलेली नाही. सुरुवात आईच्या कबरीपासून करावी असं वाटत नाही. पण नाही लिहिलं तर ती मूर्ती दोरखंडानं खाली ओढतील, आणि ते माझ्यामुळं.

एवढंच करा. मला एका ओळीत कळवा की ती कोण आहे. घडवणाऱ्याला काय घडवायचं होतं, यापेक्षा मोठा पुरावा नसतो. तुम्ही माग्दालेना म्हणालात तर मी तसं लिहीन, आणि ते खोटं होणार नाही.

तुमची,
फिओरेन्झा


२५ ऑक्टोबर

फिओरेन्झा,

एका ओळीत जमेना. चार कागद फाडले. हा पाचवा.

तुझ्या लेखातलं एक वाक्य मला पाठ झालंय. "केसांच्या मानानं चेहरा अगदीच कच्चा आहे, तो दुसऱ्या, अननुभवी हातानं पूर्ण केलेला दिसतो." बरोबर लिहिलंस. तुझी नजर चांगली आहे. फक्त हात दुसरा नव्हता. दोन्ही हात माझेच.

कारखान्यात कसं असे ते तुला सांगितलं नव्हतं, कारण तुला ते माहीत असेल असं वाटलं. एका मूर्तीला आम्ही चार-पाच जण. एक जण ठोकळा फोडणार, एक जण साच्यावरून सुईनं मापं घेऊन अंग काढणार, एक जण वस्त्रं. केस आणि पानं माझी. चेहरा नेहमी मुख्य कारागिराचा. केसवाल्यानं चेहऱ्याला हात लावायचा नाही, धूळसुद्धा फुंकायची नाही. मी आयुष्यात शेकडो बायकांचे केस कोरले, चेहरा एकीचाही नाही. या एकीचा सोडून.

ती बाक्कान्तेच होती. तुझं खरं आहे. परदेशी गिऱ्हाईक, बागेतल्या कारंज्यासाठी. अंग झालं, कातडं झालं, हातातला करडाचा पाय झाला, केस मी ४४ च्या वसंतात पुरे केले. चेहऱ्याच्या जागी नुसता दगड होता, मापाची भोकं पाडलेला. मग काम थांबलं. मुख्य कारागीर जर्मनांशी लढायला डोंगरात गेला तो परत आला नाही. गिऱ्हाइकाचंही पत्र आलं नाही.

त्या जुलैत जर्मनांनी सगळं शहर रिकामं करायचा हुकूम काढला. तू तेव्हा डोंगरावर आजीकडं होतीस. पुरुषांनी रस्त्यावर दिसायची सोय नव्हती, दिसला की उचलत. मी कारखान्याच्या माळ्यावर लपलो होतो. बायका मात्र निघाल्या. भाजीबाजारातून त्यांच्या कचेरीवर चालून गेल्या, हातात काही नाही, समोर बंदुका. मी फळ्यांच्या फटीतून पाहत होतो. शेकडो बायकांत मला तुझी आई दिसली. डोक्यावरचा रुमाल पडलेला. केस सुटलेले. मान मागे टाकून तिचं तोंड उघडं होतं. आणि माझ्या पाठीशी, माळ्याखाली कारखान्यात, ती दगडाची बाई उभी होती. मी एकदा पुढं बघत होतो, एकदा मागं. जे केस मी वसंतात कोरले होते ते मला जुलैत तिच्या डोक्यावर दिसले.

हुकूम मागे घेतला त्यांनी. हे तुला शाळेत शिकवलं नसेल.

इल्वा वारली त्या हिवाळ्यात तू शाळेच्या वसतिगृहात होतीस. मालकानं कारखान्याची किल्ली माझ्याकडं ठेवली होती. मूर्ती घेऊन जा म्हणाला. मी करडाचा पाय छाटून टाकला, कारण तिच्या हातात कुणाचा पाय नव्हता. मग चेहरा कोरला. कसा कोरतात ते मला येत नव्हतं. आलं तसं केलं. मूर्ती इल्वासारखी झाली नाही. सख्ख्या बहिणीनं इतकी वर्षं तिच्या हातात जपमाळ अडकवली आणि तिला ओळखलं नाही, तेव्हा मी समजून चुकलो. मालकानं दिली एवढंच लोकांना सांगितलं. कच्च्या कामावर सही करायची नसते.

ती काय करतेय, रडतेय की ओरडतेय की आणखी काही, मला विचारू नकोस. मी तेव्हा माळ्यावरून पाहिलं, मला कळलं नाही. घरी आल्यावर मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "मला काय ठाऊक, मी त्या गर्दीच्या आत होते, तू बघत होतास." मला वाटतं चेहरा कच्चा राहिला तो त्यामुळंही. काय कोरायचं हे ठाऊक नसताना कोरत होतो.

पत्र लिहायचं की नाही ते तू ठरव. माझ्यासाठी खोटं लिहू नकोस. माझ्यासाठी खरंही लिहू नकोस. मूर्ती पाडायची तर तळाशी पूर्वेकडून उचला म्हणावं, तिथे दगडात शीर आहे, तिथून धरली नाही तर फुटेल आणि पाय दुखावेल कुणाचा तरी. हे फादरना सांगितलंस तरी चालेल.

तुझे बाबा,
सेत्तिमिओ


रोम, २८ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

सोबत बाबांचं मला आलेलं पत्र पाठवते आहे. त्यांना विचारलेलं नाही. रागावले तर माझ्यावर रागावू देत, निदान बोलतील तरी. तू आधी ते वाच, झेलिंदाकडून नको, स्वतःच वाच. मगच पुढचं.

 "अननुभवी हात" हे शब्द मला आता कुठंही दिसतात. तरी एक विचित्र गोष्ट सांगते, मावशी: ते वाक्य चुकीचं नव्हतं, हे बाबाच म्हणतात. माझी प्रत्येक ओळ बरोबर होती आणि सगळा लेख मिळून चुकला. असं कसं होतं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

फादरना लिहिलेलं पत्र खाली देते. ते मी त्यांना टपालानं पाठवलेलं नाही. इल्वा माझी आई आहे, पण तुझी ती माझ्याआधीपासून आहे. तुला पटलं तर हे पान कापून त्यांच्या हातात दे. नाही पटलं तर चुलीत टाक आणि मला कळव, मग तुला हवं ते मी लिहीन. माग्दालेना म्हणालीस तर माग्दालेना.

"आदरणीय फादर एजिदिओ,

माझ्या लेखात मी आमच्या आईच्या कबरीवरची मूर्ती बाक्कान्ते आहे असं ठामपणे लिहिलं होतं. अंग, कातडं आणि केस यांबाबत ते खरं आहे आणि ते मी मागे घेऊ शकत नाही. चेहऱ्याबाबत मी चुकले. तो चेहरा कुठल्याही साच्यावरून घेतलेला नाही. तो कारारातल्या एका बाईचा आहे, तिला १९४४ च्या जुलैत चौकात पाहिलेल्या माणसानं तो कोरला आहे. ती त्या क्षणी रडत होती की हसत होती की देवाचा धावा करत होती, हे कोरणाऱ्याला ठाऊक नाही आणि मलाही नाही. म्हणून ती माग्दालेना आहे असं मी लिहू शकत नाही, आणि ती बाक्कान्ते आहे असंही आता माझ्यानं लिहवत नाही. समितीला नोंदीसाठी नावच हवं असेल तर ते मूर्तीच्या पायाशी दगडावर आधीच कोरलेलं आहे. त्रैमासिकाच्या पुढच्या अंकात मी हेच लिहिणार आहे.

आपली नम्र,
फिओरेन्झा कुकुर्निया"

मी मृतांच्या दिवसाला येऊ शकत नाही, रजा नाही. तू आईला शेवंती नेशील तेव्हा माझीही ने.

तुझी,
फिओरेन्झा


४ नोव्हेंबर

फिओरेन्झा पोरी,

तुझं पान मी कापलं. कात्री सापडेना म्हणून सुरीनं कापलं, कडा वाकडी आली आहे. फादरना दिलं. त्यांनी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. म्हणाले, "आर्जिया, मी आधी गोंधळलो होतो ते परवडलं." समिती पुन्हा बसली. आता म्हणतात, यावर विचार करावा लागेल. आपल्या गावात समिती विचार करायला लागली की संगमरवर झिजेपर्यंत काळजी नाही.

मृतांच्या दिवशी सकाळी मी दफनभूमीत गेले. तुझी शेवंती पांढरी घेतली, माझी पिवळी. तुझे बाबा दारापाशी होते, नेहमीसारखे बाहेर. मी म्हटलं, "आत ये रे सेत्तिमिओ, हे काही चर्च नाही." तर म्हणतो, "क्रूस दिसतायत मला." मी म्हटलं, "तुझ्या बायकोवर नाही ना एकही, मग ये." आला. टोपी काढली नाही, पण आला.

मी वर बघितलं. खूप वेळ बघितलं. तुझ्या बाबांचं खरं आहे, ती इल्वासारखी नाही. नाक तर मुळीच नाही. पण हनुवटीखाली जिथे मान सुरू होते ना, तिथे एक शीर ताणलेली आहे. ती शीर माझ्या बहिणीची आहे. लहानपणी आईनं मारलं की तिची ती शीर अशीच दिसायची, आणि शर्यतीत पहिली आली की तेव्हाही. आता सांग, यावरून काय समजायचं.

मी त्याला म्हटलं, "ही तर इल्वा." तो खिशातून फडकं काढून कोकराची नखं पुसत बसला. मग म्हणाला, "केस बरे जमलेत. छापून आलंय तसं."

मला त्याच्याबद्दल जी शंका आली होती ती मी त्याला सांगितली नाही आणि सांगणारही नाही. तूही सांगू नकोस.

आता तुला एक सांगते. तुझ्या बाबांनी ते फटीतून पाहिलं, त्यांना सगळं दिसलं नाही. त्या दिवशी मी इल्वाच्या डाव्या बाजूला होते. तो सुरुवातीचा भाग मला आठवतो, आम्ही एकमेकींचे हात धरले होते, कारण धरले नसते तर पाय मागे वळले असते. ती पुढं होती, मी जरा मागे, मला भीती वाटत होती म्हणून. तिचा हात असा मागे आला होता, मला ओढत. कचेरीसमोर एक खांब आहे, माळ्यावरून बघणाऱ्याला मी त्या खांबाआड गेले असणार. तुझ्या बाबांनी करडाचा पाय छाटला आणि मूठ तशीच अर्धी उघडी ठेवली, तिच्यात काय होतं हे न कळता. त्या मुठीत मी होते.

तू विचारशील, मावशी, तू इतकी जवळ होतीस, मग ती रडत होती की हसत होती? पोरी, मी तिच्याकडे पाहिलंच नाही. मी पूर्ण वेळ समोरच्या शिपायाच्या बंदुकीकडे बघत होते.

झेलिंदानं पुन्हा मेणबत्ती लावली. विचारत होती, आता कुणाचं नाव घ्यायचं? मी म्हटलं, तुझ्या मुलाचं घे.

जपमाळ मी परत अडकवली नाही. तुझे बाबा गेल्यावर त्या मुठीत हात घालून पाहिला. सगळा जात नाही, बोटं फार जवळ कोरलीत त्यानं. दोन बोटं जातात. मी ती थोडा वेळ तशीच ठेवली.

तुझी मावशी,
आर्जिया